बारा खणांची पेटी

"एवढं बारीक अक्षर छापायचं म्हणजे माणसानं ते वाचूच नये, अशीच यांची इच्छा दिसते."

रॅकच्या मागे गुडघे टेकून बसलेले अनंतराव पुटपुटले. स्वतःशीच पुटपुटले, पण सर्व्हरची खोली म्हणजे जिन्याखालची अडगळीची जागा. तिथं माणूस स्वतःशी बोलला तरी दारातल्या तिघांना ऐकू जातं. दारात उभ्या असलेल्या रजनीनं ते ऐकलं, आणि नेहमीसारखं न ऐकल्यासारखं केलं.

तळेगावच्या या डोळ्यांच्या दवाखान्यात अनंतराव कॉम्प्युटर सांभाळायचे आणि त्यांची बायको रजनी चष्म्यांचं काउंटर. तालुक्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या नाकावर रजनीनं बसवलेला चष्मा होता. घरच्या नाकावरही होता, पण आता त्याचा नंबर बदलून भागणार नाही, हे तिला वर्षभरापूर्वीच कळून चुकलं होतं. खिडकीजवळ उभे राहिले की अनंतरावांच्या बुबुळात धुरकट काहीतरी दिसायचं. असं धुरकट घेऊन रोज चाळीस माणसं तिच्यासमोरून वर डॉक्टरांकडे जायची. हे एकटेच जिन्याखाली बसलेले.

दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. डोळ्यांच्या दवाखान्यात मोतीबिंदू लपवायचा म्हणजे मिठाईच्या दुकानात मधुमेह लपवण्यासारखं. पण बोलत कुणी नव्हतं. गेल्या दिवाळीत डॉक्टर श्रद्धा एकदा हसत हसत म्हणाल्या होत्या, "सर, एकदा मशीनसमोर येऊन बसा ना." त्यावर "माझे डोळे ठणठणीत आहेत" एवढं म्हणून अनंतराव निघून गेले, आणि पुढचे दोन दिवस त्यांनी दवाखान्यातल्या सगळ्यांना सगळी उत्तरं ई-मेलनं दिली. शेजारच्या टेबलावरच्या माणसालासुद्धा.

तेव्हापासून जो तो आपापल्या परीनं सांभाळून घेत होता. डोळ्यांचे फोटो काढणाऱ्या तेजलनं त्यांच्या कॉम्प्युटरवरची अक्षरं गुपचूप मोठी केली होती. झाडलोट करणाऱ्या हिरामावशी त्यांच्या वाटेतली बादली न बोलता बाजूला सरकवायच्या. ते अंघोळीला गेले की रजनी त्यांच्या फोनमधलं अक्षर एकेक पायरी वाढवायची. आता एका पडद्यावर जेमतेम चार शब्द मावत. स्कूटर त्यांनी स्वतःहून सोडली होती. गुडघा दुखतो, असं कारण होतं. त्या गुडघ्याला स्कूटरवर बसवत नव्हतं, पण घरापासून घोरावाडी स्टेशनपर्यंत वीस मिनिटं चालायला मात्र तो तरबेज होता.

का टाळतात, हेही रजनीला ठाऊक होतं. एकोणीस वर्षांत या दवाखान्यातल्या प्रत्येक डोळ्याचा फोटो अनंतरावांच्या हाताखालून गेला होता. हजारात एखादा डोळा ऑपरेशननंतर बिघडतो. तो एखादा त्यांना नावागावानिशी माहीत होता.

आणि आज शनिवार. सर्व्हर काठोकाठ भरला होता. बॅकअपची डिस्क तर मार्चमध्येच भरली, त्यामुळे उन्हाळ्यातल्या शिबिराचे फोटो फक्त सर्व्हरवर होते, दुसरी प्रत कुठंच नाही. सोमवारी शिबिरातली तीच आंदर मावळातली माणसं फेरतपासणीला येणार होती. साखरेनं डोळ्याचा पडदा किती खाल्ला, हे जुना फोटो नव्याशेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. म्हणून ही नवी पेटी मागवली होती. सर्व्हरच्या बाहेर ठेवायची, केबलनं जोडायची, आत बारा डिस्क. संध्याकाळपर्यंत ती चालू झाली नाही तर पुण्याच्या कंपनीचा माणूस बोलावू, असं ट्रस्टचे सचिव सांगून गेले होते. जाता जाता म्हणाले, "आणि मग तुमच्या मुदतवाढीचंही एकदा बसून बघू." अनंतरावांना साठ वर्षं पूर्ण झाली होती. हे काम गेलं तर ते घरी दिवसभर काय करतील, याचा विचार रजनी मुद्दाम करत नव्हती.

"ह्यात काय कापडं ठिवायची व्हय, भाऊ?" हिरामावशींनी पोछा दाराला टेकवून विचारलं. "खण तर लय झ्याक हायती."

"मावशी, यात तुमच्या अख्ख्या औंढे गावाचे डोळे बसतील," रॅकमागून उत्तर आलं.

"बसूं द्या बया. गावात एकमेकांकडं बघायची पंचाईत तरी जाईल."

तेजल हसत हसत माहितीपुस्तिका वाचत होती. "सर, सर्व्हरकडून येणारी केबल मागच्या बाजूला उजव्या सॉकेटमध्ये. डावं सॉकेट पुढं दुसरी पेटी जोडायची असेल तर."

"सॉकेटवर खूण असते बारीक," अनंतराव म्हणाले. मग जरा थांबून, सहज सुचल्यासारखं, "तू असं कर, उजव्यावर टेप लाव. ऑपरेशनला लावता तशी. म्हणजे घोळ नको."

ज्या डोळ्याचं ऑपरेशन असेल त्याच्या भुवईवर टेपचा तुकडा चिकटवायची दवाखान्याची पद्धतच होती. तेजलनं खिशातून टेप काढली, दात लावून तोडली आणि चिकटवली. अनंतरावांनी बोटानं टेप चाचपली, तिच्याखाली केबल सरकवली. टक्क आवाज आला. मग आधी पेटीचं बटण, सगळ्या डिस्क फिरायला लागेपर्यंत दोन मिनिटं थांबायचं, त्यानंतर सर्व्हर. हा क्रम त्यांनी तिघींना दोनदा समजावून सांगितला, जणू उद्यापासून मावशीच ही पेटी चालवणार होत्या.

सर्व्हर चालू झाला. बाहेरची एकही डिस्क त्याला दिसेना.

"केबल खराब आहे," अनंतराव म्हणाले.

दुसरी केबल लावली. पुन्हा सगळं बंद, पुन्हा क्रमानं चालू. तरी दिसेना. मग हल्लीच्या केबलींबद्दल, त्या बनवणाऱ्यांबद्दल आणि एकंदर हल्लीबद्दल त्यांनी मत मांडलं. त्यात अर्धा तास गेला. घड्याळात साडेतीन झाले.

"मी बघू का जरा?" रजनी म्हणाली. "मला कळत काही नाही, नुसतीच बघते."

ती रॅकमागे वाकली. टेपपासून अर्ध्या बोटावर, राखाडी पत्र्यावर राखाडीच रंगात, बारीक बाण छापलेला होता. बाहेर जाणारा. आत येणारा बाण पलीकडच्या सॉकेटवर होता.

"तेजल, यातला उजवा कुठला गं?"

"हा काय, टेप लावलीय तो."

"हा तर डावा आहे."

"आपला डावा, काकू. पेशंटचा उजवा." बोलता बोलताच तेजलचा चेहरा बदलला. अकरा वर्षं ती समोर तोंड करून बसलेल्या माणसांचे डोळे टिपत होती. समोरच्याचा उजवा म्हणजे आपल्या डाव्या हाताला, हे तिच्या हाडात बसलं होतं.

"अगं पण ही पेटीची पाठ आहे," रजनी म्हणाली.

"दोन भोकं शेजारी शेजारी दिसली की मला तो चेहराच वाटतो हो काकू."

हिरामावशी पोछ्याच्या दांडीला धरून हसायला लागल्या. "तरी बरं, पेटीला हनुवटी टेका म्हनली न्हाईस."

सगळे हसले. अनंतराव सगळ्यांत जास्त वेळ हसले, आणि त्या हसण्यात सुटल्याचा भाव किती होता, ते रजनीनं मोजलं. मग सगळ्यांचं हसू एकाच जागी येऊन थांबलं. टेप चुकली होती खरी, पण बाण तर तिथंच होता. ज्याला तो दिसला असता त्यानं टेप मागितलीच नसती. तेजलनं पुस्तिकेत डोकं घातलं. मावशींना एकदम जिना पुसायचा आठवला, पण त्या गेल्या नाहीत.

केबल उजव्या, म्हणजे सगळ्यांच्या उजव्या, सॉकेटमध्ये गेली. पेटीचे दिवे लागले.

"अकरा हिरवे. एक पिवळा," तेजल कुणालाच उद्देशून न सांगितल्यासारखं म्हणाली.

अनंतरावांनी खणांवरून तळवा फिरवला. वरून खाली, सावकाश, तांदूळ निवडताना बाई बोटांनी खडा शोधते तसा. नवव्या खणाशी बोट थांबलं. तो खण केसभर बाहेर होता. त्यांनी अंगठ्यानं दाबला, टक्क झालं, दिवा हिरवा. रजनीला एकदम त्यांचा फार अभिमान वाटला आणि रागही तितकाच आला.

आता शेवटचं काम राहिलं होतं. बारा डिस्कचा मिळून एक गट करून झाला. तो वापरायच्या आधी पुसून कोरा करायचा. हे पुसणं मात्र सर्व्हर चालू होतानाच्या निळ्या पडद्यावर करावं लागतं, आणि नेमक्या त्याच पडद्यावर अक्षर मोठं करायची सोय नव्हती. तेजलनं दोनदा खाटखूट करून पाहिलं आणि रजनीकडे बघून मान हलवली.

पडद्यावर दोन ओळी होत्या. वर जुना गट, आठ डिस्कचा. त्यात एकोणीस वर्षं होती. खाली नवा, बारा डिस्कचा. त्यात काहीच नव्हतं. निवडलेली ओळ किंचित फिकट दिसायची, इतकाच फरक. अनंतराव खुर्ची पुढे ओढून पडद्याला नाक लागेल इतके वाकले. बाणाचं बटण एकदा खाली दाबलं. मग एकदा वर. मग बहुधा पुन्हा खाली दाबायचं होतं, पण ते मोजण्यात चुकले असावेत. त्यांनी पुढचं बटण दाबलं. पडद्यावर प्रश्न आला: या गटातली सर्व माहिती पुसली जाईल. पुसायची का?

फिकट झालेली ओळ वरची होती.

रजनीनं तोंड उघडलं. "अहो, खालची ना," असं गप्पा मारल्यासारखं म्हटलं की झालं. वर्षभर ती हेच करत आली होती. रिक्षाचा आकडा, गाडीचा बोर्ड, औषधाचं नाव, सगळं बोलता बोलता सांगून टाकायचं. तेजल तिच्याकडे बघत होती. मावशीही. दोघी वाट बघत होत्या की आता वहिनी बोलतील आणि वेळ निभावून जाईल.

रजनीनं तोंड मिटलं. आज मी सांगेन, तिच्या मनात आलं, आणि सोमवारी मी बाहेर काउंटरवर असेन, हे इथं एकटे. ती फक्त एक पाऊल पुढे सरकली, त्यांचं मनगट हाताशी येईल इतकी. वेळ आलीच असती तर तिनं ते धरलं असतं.

अनंतरावांचं बोट बटणावर होतं. खोलीत पेटीच्या पंख्यांचा आवाज तेवढा येत होता.

"कुणी बोलत का नाहीये?" त्यांनी विचारलं.

हिरामावशींच्या हातातला पोछा दाराला घासला.

"हिरामावशीसुद्धा गप्प आहेत म्हणजे काहीतरी भलतंच आहे."

"मला काय त्यातलं कळतं, भाऊ," मावशी हळू आवाजात म्हणाल्या.

त्यांनी बोट उचललं नाही, दाबलंही नाही. "तेजल, उन्हाळ्यातल्या शिबिराचे किती फोटो आहेत?"

"चारशे बारा, सर."

"दुसरी प्रत नाही."

"नाही, सर."

अनंतरावांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, घातला, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा काढला. मग दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले, आणि पडद्याकडे पाठ करून बायकोकडे वळले.

"रजनी, इकडे ये. कुठली ओळ निवडलीये ते वाच," ते म्हणाले. "मला दिसत नाहीये गं."