अकरा वर्षांत अज्ञात

मी एक जुने झेरॉक्स मशीन आहे. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात उभे असते. मशीन कसले, हल्ली माझे टेबलच झाले आहे. माझ्या झाकणावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा असतो आणि ग्रंथपाल काकांचा डबा.

पण मित्रांनो, माझेही दिवस होते! कारखान्यातून आले तेव्हा माझी काच इतकी लख्ख होती, की काका तिच्यात पाहून भांग पाडत. परीक्षा जवळ आल्या की माझ्यापुढे रांग लागे. कागद अडकला की काका मला एक धपाटा घालत आणि मी निमूटपणे कामाला लागे. एका पुस्तकाची मोजकीच पाने द्यायची, हा त्यांचा नियम. कुणी कितीही गयावया केली तरी ते बधत नसत. "लिहिणाऱ्याचं आहे ते," म्हणत. तीस वर्षांत मी चार लाख प्रती काढल्या. केवढा तोरा होता मला त्याचा! मग सगळ्यांच्या हातात फोन आले आणि मला कुणी विचारेनासे झाले.

गेल्या वर्षी कायद्याची एक विद्यार्थिनी येऊ लागली. वय एकवीस. सतत कागद गोळा करते म्हणून काका तिला खारूताई म्हणतात. तिला कवितांचे एक पातळ पुस्तक सापडले. वाचता वाचता ती जमिनीवरच बसली आणि शेवटी तिने डोळे पुसले. मग छपाईचे वर्ष पाहून बोटे मोजली.

"बासष्ट वर्षं झाली! साठ वर्षांनी हक्क संपतो. म्हणजे हे आता सगळ्यांचं."

डबा बाजूला सारून तिने माझ्याच झाकणावर पुस्तक उघडले आणि फोनने आतली सगळी पाने टिपून इंटरनेटवर टाकली. कवयित्रीचे नाव फक्त मुखपृष्ठावर होते. ते राहून गेले.

दोन दिवसांनी ती धावतच आली. "काका, पाच लाख लोकांनी पाहिलं!"

मी थक्क झाले. माझे तीस वर्षांचे काम तिच्या दोन दिवसांपुढे थिटे पडले. कुठल्या कुठल्या घरांत ते शब्द पोहोचले असतील, या विचाराने माझी गंजकी चाके आतल्या आत थरारली.

काकांचा चेहरा मात्र उतरला. "अगं, साठ वर्षं पुस्तक छापल्यापासून नाही मोजत. लिहिणारा गेल्यापासून मोजतात."

आठवड्याभराने एक निवृत्त नर्सबाई काठी टेकत आल्या. त्या कवयित्रीची मुलगी. पानावरच्या शिक्क्यावरून त्यांनी ग्रंथालय शोधले होते.

"भाचीनं मला ही कविता पाठवली," त्या म्हणाल्या. "खाली कुणीतरी लिहिलंय, कवी अज्ञात. आई जाऊन अकराच वर्षं झाली गं. एवढ्यात अज्ञात झाली?"

खारूताईने तिथेच फोनवरून सगळी पाने काढून टाकली. पण लोकांनी पुढे पाठवलेली परत कशी बोलावणार? ती रडू लागली तेव्हा बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि एका कागदावर परवानगी लिहून दिली: एक कविता, आईच्या नावासकट.

डोळे पुसत खारूताईने पुन्हा बोटे मोजली. "बाकीच्या कवितांना अजून एकोणपन्नास वर्षं. तेव्हा मी सत्तरीची असेन."

माझी हमी एका वर्षाची होती, मित्रांनो. आणि माणूस गेल्यावरही त्याचे शब्द साठ वर्षे त्याचेच राहतात! केवढे हे नवल!

"तेव्हा मी नसेन," बाई हसून म्हणाल्या. "आईचं नाव सांगायला तू असशील ना?"

"असेन, मावशी."

त्या दुपारी ती कविता नावासकट गेली. पाहणारे जेमतेम सव्वाशे. बाईंनी मात्र फोन हातात घेऊन त्या नावावर बोट ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही.

मित्रांनो, आवडलेले काही पुढे पाठवण्याआधी लिहिणाऱ्याचे नाव शोधा. ते कुणाच्या तरी आईचे असू शकते.