तोंडलेवाडीचा जपानी गवंडी

सन चौऱ्याहत्तरच्या चैत्रात तोंडलेवाडीच्या देवळापुढं एवढी गर्दी उसळली, की मला वाटलं गावात तमाशाच आला. कडेगावचा बाजार अर्धा टाकून माणसं आली होती. पोरं लिंबावर चढली होती. आणि या सगळ्यांच्या मधोमध उभं होतं डांबराचं एक पिंप.

पिंपाला बैलगाडीची चाकं होती. डोळ्यांच्या जागी मोटारीचे दोन दिवे, तोंडाच्या जागी रॉकेलचं नरसाळं आणि उजव्या कुशीतून बाहेर आलेला, सायकलच्या साखळ्या लोंबणारा पत्र्याचा हात. त्या हातात गवंड्याची थापी. अंगाला शेंदूर, गळ्यात झेंडूचा हार.

"जपानातनं आलाय, जपानातनं!" शेजारी भगव्या कफनीतले हरिबा महाराज ओरडत होते. "तिथं शास्त्रज्ञ लोकांनी धा वरसं संशोधन केलं, पर यंत्र काय हलंना. मग मी गेलो. कानात मंत्र फुंकला. साक्षात विश्वकर्मा उतरला! बोला, लोखंडी विश्वकर्मा महाराज की..."

"जय!"

मी गावच्या शाळेचा हेडमास्तर. मला राहवलं नाही. "महाराज, तुम्ही जपानला गेलात कसे?"

"मुंबैपतूर यस्टीनं, फुडं ध्यानानं."

लोकांनी माझ्याकडेच कीव आल्यासारखं पाहिलं.

मग पिंप कामाला लागलं. पत्र्याच्या हातानं थापीभर चुना घेतला, पसरला, वीट ठेवली, थापीच्या मुठीनं टकटक ठोकली. पुन्हा चुना, पुन्हा वीट. बघता बघता कमरेएवढी भिंत उभी राहिली. सरपंच हंबीररावांनी तिच्यापुढं नारळ फोडला. आमचा गावचा गवंडी चांदसाहेब तोंडाचा आ करून बघत होता. "गुरुजी, हात लय बेस हाय," तो हळूच म्हणाला, "यंत्राचा असू दे न्हाईतर कुणाचा."

पिंप बोलायचंसुद्धा. नरसाळ्यातून बारीक, पत्रा खरवडल्यासारखा आवाज यायचा. "चांदसाहेब, माल पातळ झालाय, वाळू वाढवा." "हंबीरराव, तुमच्या गोठ्याचं तोंड फिरवा." आपलं नाव ऐकून हंबीरराव दंडवतासाठी आडवेच पडले.

"देवा, तुला घडवलं कुणी?" त्यांनी विचारलं.

"ह्येंनी," पिंप म्हणालं.

"शाळेची भिंत गेल्या वळवात पडली देवा. पोरं लिंबाखाली बसत्यात. शाळा बांधून देशील?"

"देईन. पर राहीबाईचं घर आड येतंय. ते पाडा. त्येचं लाकूड दोषी हाय, ते गावाभाईर गेलं पायजे. ह्ये नेतील."

राहीबाई गर्दीतच उभी होती. तिचा नवरा लष्करात होता, एकाहत्तरच्या लढाईत गेला. जाण्याआधी दर सुट्टीत येऊन त्यानं स्वतः ते घर बांधलं होतं. अख्ख्या गावात सागवानी तुळया असलेलं तेवढं एकच घर, आणि राहीबाईजवळ नवऱ्याचं म्हणून उरलेलं तेवढंच.

"आवं, माझ्या मालकांनी बांधलेलं घर हाय ते," ती म्हणाली. "दोषी कसं आसंल?"

कुणी ऐकलं नाही. उद्या सकाळी पाडायचं ठरलं. दोष वाहून न्यायला महाराजांचा ट्रक ओढ्याकाठी आधीच येऊन थांबला होता. दोष सागवानाचाच निघतो, बाभळीचा कधी निघत नाही, हे माझ्या ध्यानात आलं आणि मी पारावर चढलो.

मी विज्ञानाचं मासिक घेणारा माणूस. चांगला अर्धा तास बोललो. म्हणालो, "परदेशात यंत्रमानव आहेत, खोटं नाही. पण ते कारखान्यात जमिनीला जखडलेले हात आहेत. एकच काम पुन्हा पुन्हा करतात. प्रयोगशाळेत यंत्राला साधा लाकडी ठोकळा ओळखायला शिकवताना विद्वानांची दमछाक होते. आणि बांधकाम त्याहून अवघड! एक वीट दुसरीसारखी नसते, जमीन सपाट नसते, चुना रोज वेगळा भिजतो. उघड्यावर चालणारा यंत्र-गवंडी अजून कुणालाही जमलेला नाही!"

"ऐकलं का मंडळी?" महाराज हात वर करून ओरडले. "सायबांना जमलं न्हाई, ते मला जमलं! खुद्द गुरुजी सांगत्यात!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या विज्ञानानं महाराजांचा धंदा दुप्पट केला. मी चिडून पिंपाच्या झाकणाला हात घालायला गेलो, तर "झाकण काढलं तर गाव जळंल!" म्हणत हंबीररावांनी माझा सदरा धरला. सदरा फाटला, झाकण तसंच राहिलं.

शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका आबेदाबाई मिरजेकडच्या. त्या माझ्याबरोबर परत निघाल्या. "गुरुजी, तुम्ही यंत्र बघताय," त्या म्हणाल्या. "मी त्याचं बोलणं ऐकतेय. गावातल्या सगळ्यांची नावं घेतं. महाराजांचं तेवढं घेत नाही. त्यांना 'ह्ये' म्हणतं."

"म्हणजे काय?"

"आमच्या अम्मीनं जन्मात अब्बांचं नाव घेतलं नाही." एवढं बोलून त्या हसल्या. मला काही समजलं नाही. त्या दिवशी मी फाटक्या सदऱ्याच्या दुःखात होतो.

सकाळी पहारी घेऊन गाव राहीबाईच्या दारात जमलं. पिंप ढकलत आणलं होतं. राहीबाई उंबऱ्यात बसली होती, दोन्ही हातांनी चौकट धरून.

आबेदाबाई पुढं झाल्या. "पाडा, पण एक साक्ष होऊ द्या. लाकूड कुणाच्या हवाली करायचं, ते देवानं नाव घेऊन सांगावं."

"ह्येंच्या," पिंप म्हणालं.

"ह्ये कोण?"

"हितं हुबं हायती, ते."

"नाव सांगा."

महाराज गडबडीनं म्हणाले, "देव माणसाचं नाव घेत नस्तो!"

"काल हंबीररावांचं घेतलं. चांदसाहेबांचं घेतलं. तुमचंच नाव घ्यायला देवाला लाज वाटते?"

पिंपातून एक बारीक खुदखुद ऐकू आली. गडी माणसं भुवया उंचावून उभी राहिली. पण बायकांच्या घोळक्यात कुजबुज झाली, आणि डोळ्यांत पाणी असलेली राहीबाई ताडकन उठली. "आगं बया! ही तर कुणाची तरी घरवाली हाय!"

मग जे झालं ते बघायला देवसुद्धा आला असता. साऱ्या बायकांनी पिंपाला गराडा घातला. "नाव घे! नाव घे! उखाण्याबिगर सोडत न्हाई!" कुणी पिंपावर टकटक केलं, कुणी नरसाळ्यात तोंड घालून ओरडलं. महाराज "दूर व्हा, जळाल!" म्हणत होते, पण बायका उखाण्याला बसल्यावर त्यांच्यात शिरायची कुठल्या पुरुषाची छाती आहे? आणि चारचौघींनी आग्रह केल्यावर नाही म्हणायची कुठल्या बाईची रीत आहे?

नरसाळं खाकरलं. आतून स्पष्ट आवाज आला:

"विटेवर वीट, मधी चुन्याचा थर,
हरिबांचं नाव घेते, झाकण काढा वर!"

झाकण निघालं. गाव जळलं नाही. आतून घामानं निथळणारी एक बाई उभी राहिली, आणि समोर वडीलधारी मंडळी दिसताच तिनं पत्र्याच्या हातानंच पदर डोक्यावर ओढला.

तिचं नाव साळूबाई. राहीबाईनंच तिला तांब्याभर पाणी दिलं. पिंपात बसायला एक पाट होता. दिव्याच्या काचेमागच्या भोकातून बाहेर दिसायचं आणि पत्र्याचा हात बाहीसारखा चढवायचा. गावची नावं हरिबा आदल्या दिवशी हाटेलात बसून गोळा करायचा. तो ट्रककडं पळत होता, पण चांदसाहेबानं त्याला वाटेतच धरला.

"पर बाई, तू असलं काम का केलंस?" हंबीररावांनी विचारलं.

साळूबाई म्हणाली, "बापाजवळ शिकले मी गवंडीकाम. पर बाईच्या हातात थापी कोण देतंय? पाटी उचल म्हणत्यात. ह्येंनी सांगितलं, पिंपात बसून बांध, तवा लोक नारळ फोडतील. तसंच झालं की." मग ती राहीबाईकडं वळली आणि तिचा आवाज उतरला. "तुजं घर बघितलं आणि रातभर डोळा लागला न्हाई, बाय. म्हनून झाकण काढा म्हनलं."

मग देवळापुढं जाऊन चांदसाहेबानं तिच्या कालच्या भिंतीला ओळंबा लावला. भिंत दोरीच्या रेषेत निघाली. "शाळा मी आणि ही बांधू," तो म्हणाला.

"बाईच्या हातची भिंत?" हंबीरराव दचकले. "पडंल की ती!"

"आवं, तुमी काल तिच्यापुढंच नारळ फोडला," राहीबाई म्हणाली.

राहीबाईचं घर जागेवर आहे. शाळाही उभी आहे. भिंतीवर मारायचं पाणी त्याच पिंपात साठवलं होतं, तरी एकदोघं जण येता-जाता त्याला कुंकू लावतच होते.

कधीतरी भिंत बांधणारं यंत्र खरोखर येईल. ते माणसंच करतील, चुकत चुकत, आणि झाकण काढून आतला प्रत्येक खिळा अभिमानानं दाखवतील. झाकणाला हात लावू नका म्हणणारा जिथं भेटेल, तिथं आधी झाकणच काढा. मात्र मला त्या दिवसाची खंत वेगळीच आहे. डांबराच्या पिंपाला थापी धरता येते, यावर अख्ख्या गावाचा तासाभरात विश्वास बसला. बाईला ती धरता येते, हे पटायला शाळा छपरापर्यंत यावी लागली.