निखाऱ्यावरचं काळीज

नणंदेच्या रक्तात जुन्या आजाराची खूण सापडू दे, असं मागणं कुठली शहाणी बाई देवाकडं मागेल? स्वप्नाली मागत होती. प्रयोगशाळेच्या मशीनपुढं उभी राहून, हातात मोजे होते म्हणून हात न जोडता, मनातल्या मनात.

कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती टेक्निशियन होती. वर्षभर तिथं आसपासच्या गावांत शिबिरं घेऊन बायकांचं रक्त तपासायचं काम चाललं होतं. टोक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी असतो. कच्च्या मटणातून, मातीतून, मांजराच्या घाणीतून तो माणसात शिरतो. पुष्कळांना त्याचा पत्ताही लागत नाही. पण अंग त्याच्याशी एकदा लढलं, की रक्तात अँटिबॉडीजची खूण उरते ती कायमची. त्यामुळं पोरीसोरींत ती थोड्यांच्याच रक्तात सापडे, वय चढेल तशी वाढत जाई, आणि शेळ्यांमागं जन्म काढलेल्या म्हाताऱ्यांत तर बहुतेकींच्या असे. खूण असलेल्या बाईला पोटुशीपणी भीती नाही. खूण नसेल आणि नेमका त्याच दिवसांत हा पाहुणा पहिल्यांदा आला, तर तो पोटातल्या जिवापर्यंत पोचू शकतो.

हे स्वप्नालीनं पुस्तकात वाचलं होतं. गेल्या वर्षी पाचव्या महिन्यात पोट पडलं, तेव्हा ते तिला भोगूनही झालं. दिवस राहिले तेव्हाचं तिचं रक्त अगदी कोरं होतं. शिवाजी पेठेत दुसऱ्या मजल्यावर वाढलेली मुलगी, माती तुळशीच्या कुंडीत असते तेवढीच माहीत. पोट पडल्यावर त्याच रक्तात ताजी लागण दिसली. कशातून झाली, ते डॉक्टरांना ठाम सांगता येईना. मटण असेल, पालेभाजी असेल, माती असेल, म्हणाले. स्वप्नालीला मात्र मनातून ठाऊक होतं.

उचगावच्या तिच्या सासरी एक रीत होती. घरचा बोकड कापला, की त्याच्या काळजाचा पहिला तुकडा घरातल्या गरवार बाईचा. तो निखाऱ्यावर नुसता शेकायचा आणि वर मीठ भुरभुरायचं. तिची सासू अंबूबाई निखाऱ्यापाशी बसून सांगायची, "आतनं लाल ऱ्हायाला पायजे गं. लई भाजलं की रगात मेलं त्यातलं." स्वप्नालीचं हिमोग्लोबिन कमी आलं तेव्हा अंबूबाईनं पाळलेला बोकड कापायला लावला आणि स्वतः एक तुकडा तोंडात न टाकता सगळं काळीज सुनेला भरवलं. टेक्निशियन असून खाल्लंच कशाला, असं कुणी विचारील. विचारणाऱ्याला अशी सासू मिळाली नसणार. स्वतःच्या आईनंही कधी एवढ्या मायेनं घास दिला नव्हता. वरून भाजलंय की, अशी मनाची समजूत घालून तिनं तो गिळला होता.

नंतर ती कुणाजवळ काही बोलली नाही, नवऱ्याजवळसुद्धा नाही. अंबूबाई तिचे पाय चेपत रडायची, आणि स्वप्नाली तोंडातून ब्र काढायची नाही. उगाच कशाला त्या माउलीचा जीव जाळायचा, असं तिला वाटायचं.

आणि आता नणंद, क्रांती, तिसऱ्या महिन्याची माहेरी आली होती, तोंड पांढरंफटक घेऊन. अंबूबाईनं बोकड हेरून ठेवला. स्वप्नालीनं काहीतरी निमित्त सांगून क्रांतीचं रक्त घेतलं. ह्याच शेळ्यांत वाढलेली पोरगी, हिच्या रक्तात खूण असणारच. मग ती खुशाल खाऊ दे, कुणाला काही सांगायला नको.

मशीननं निकाल दिला. क्रांतीचं रक्त कोरं होतं.

रविवारी परसात निखारे पडले. क्रांती पाटावर बसली होती, काळीज तडतडत होतं.

"आत्या, ते क्रांतीला देऊ नका."

"आता का गं?"

"शिजवून द्या, रस्सा द्या. पण असलं नको. ह्यातनं बाळाला बाधतंय."

अंबूबाई हसली. "काय बी बोलतीस. माझ्या सासूनं मला ह्येच चारलं. काय झालं मला?"

"तुमच्या अंगात ते लहानपणीच येऊन गेलंय. शिबिरात तुमचं रक्त घेतलं होतं ना, ते मीच तपासलंय. म्हणून तुम्हाला काही झालं नाही. क्रांतीच्या रक्तात ते नाही."

इथं विषय थांबला असता तर भागलं असतं. पण अंबूबाईचं हसू विरलं आणि ती सुनेकडं वळली.

"आन तुझ्या?"

पालेभाजी म्हणता आलं असतं. माती म्हणता आलं असतं. डॉक्टरांनी ती वाट मोकळीच ठेवली होती. पण समोर क्रांती बसली होती. आज लपवलं, तर आत्यांना पटणार नाही आणि उद्या आपण कामावर गेल्यावर त्या हिला गुपचूप चारतील, हे स्वप्नालीला कळत होतं.

"माझ्याही नव्हतं, आत्या," ती म्हणाली. मग घाईघाईनं, "पण डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही, भाजीतूनसुद्धा..."

अंबूबाईनं हातानंच तिला गप्प केलं. चिमटा जवळ असून तिनं काळीज उघड्या हातानं उचललं आणि बाजूला टाकलं. क्रांती "आई गं" म्हणून ओरडली. अंबूबाईला मात्र चटका बसल्याचं भानच नव्हतं.

मग निखाऱ्यावरची नजर न काढता तिनं विचारलं,

"पोरगा व्हता का पोरगी?"

वर्षभरात त्या घरात हे कुणी विचारलं नव्हतं.

"मुलगी."

अंबूबाईनं मान हलवली.

"म्हंजी माझ्या हातचं तिनं एवढंच खाल्लं."