उलटा ठेवलेला त्रिकोण

समोर चिटपाखरू नसताना हा माणूस "कळलं का?" म्हणून विचारतो, आणि कोणी हूं म्हणायच्या आत पुढे निघतो, ही कुठली रीत? अनुसयाबाईंना भाडेकरूचं हेच खटकायचं. प्रथमेश मास्तर सावंतवाडीकडचा. डिचोलीच्या शाळेत गणित शिकवायचा आणि मुळगावात त्यांच्या पुढच्या खोलीत राहायचा. संध्याकाळी रस्त्याचा आवाज नको म्हणून जनेल लावून फळ्यासमोर मोबाईल उभा करायचा नि त्यात गावाकडच्या नववीच्या पोरांसाठी धडे भरून पाठवायचा.

अनुसयाबाईंचा मुलगा पेडण्याला, बायकोमुलांसकट. त्याचा फोन रविवारी, तोही 'जेवलीस का' एवढ्यापुरता. एरवी घरात दुसरा आवाज म्हणजे मास्तरचा धडा. बाई दुसरीपर्यंत शिकलेल्या, पण पलीकडे धडा सुरू झाला की गॅस बारीक करून भिंतीला टेकून बसायच्या. हे अर्थात कोणाला कळू द्यायच्या नाहीत.

गेल्या आठवड्यात मात्र राहवेना. मास्तरने "कळलं का?" विचारलं आणि त्या आतून म्हणाल्या, "नाही कळलं." सगळा धडा पुन्हा भरावा लागला. आज सकाळी मास्तर म्हणाला, "आजी, म्हापशाला खोली बघितलीय. शांत आहे. पुढच्या महिन्यात जाईन म्हणतो."

"जा की. माझ्या खोलीला माणसं रांगेत उभी आहेत."

रांगेत एक मांजर होतं, तेही शेजारच्यांचं.

संध्याकाळी त्या खुर्ची उचलून थेट त्याच्या खोलीत जाऊन बसल्या. "जाताय तर एकदा समोरून बघते. भरा तुमचा धडा."

मास्तरने मोबाईल चालू केला, फळ्यावर समद्विभुज त्रिकोण काढला. घराच्या छपरासारखा, दोन्ही उतार सारखे. "पायाचे दोन्ही कोन सारखे, हे सिद्ध करायचं. वरच्या कोनाचा दुभाजक काढू. दोन त्रिकोण झाले. आता बाकोबा कसोटीने..."

"बाकोबा कोण? तुमच्या गावचा देव?"

"बाजू, कोन, बाजू. एवढं जुळलं की दोन्ही त्रिकोण तंतोतंत सारखे."

"आणि ती मधली रेघ? ती तर तुम्ही घुसवलीत. तिच्याशिवाय सांगा."

मास्तर खडू बोटांत फिरवत राहिला. मग त्याने कागदाचा तसाच त्रिकोण कापला, फळ्यावर धरून कडेने रेघा मारल्या, उचलून पान उलटावं तसा उलटा केला आणि त्याच रेघांत ठेवला.

"डावी बाजू उजवीच्या जागी, उजवी डावीच्या. सारख्याच आहेत, म्हणून बसल्या. वरचा कोन तर तोच. म्हणजे त्रिकोण स्वतःशीच जुळला, आणि डावा कोन बरोबर उजव्यावर आला."

"दुसरा त्रिकोण लागलाच नाही?"

"नाही. एकट्याचं भागलं." मास्तर स्वतःच कागदाकडे बघत होता. "असं मी कधी शिकवलं नव्हतं."

अनुसयाबाईंना आपलं स्वयंपाकघर आठवलं. भात लावताना 'किती घालू?' आपणच विचारायचं आणि 'मूठभर पुरे' आपणच म्हणायचं, असं त्यांचं कित्येक वर्षं चाललेलं. जुळायचं सगळं. जेवण मात्र जायचं नाही.

मास्तरचा हात मोबाईल बंद करायला पुढे झाला.

"राहू द्या चालू, पोरांनाही ऐकू द्या," त्या म्हणाल्या. "त्रिकोणाचं एकट्याने भागतं, मास्तर, तुमचं नाही भागायचं. कोणी अडवलं नाही तर तुम्ही नुसते पळत सुटता. आज अडवलं तेव्हा कुठे शिकवलंत. त्या शांत खोलीत तुमचं वाटोळं होईल. म्हापशाला नाही म्हणून कळवा."