नारळाचं संगोपन

जयवंत गुरुजी भांडुपच्या शाळेतून निवृत्त झाले आणि त्यांच्यातला प्राचीन शिक्षणविचार मोकाट सुटला. सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांनी 'भावी पालक वर्ग' काढला, लग्न ठरलेल्या जोडप्यांसाठी. त्यांची मुलगी जान्हवी आणि तिचा होणारा नवरा सर्वेश यांना सुटकाच नव्हती. वर्ग पास झाल्याशिवाय मुहूर्त काढणार नाही, असं गुरुजींनी जाहीरच केलं होतं.

जुने गुरू शिष्याला आधी गाई राखायला पाठवत, ज्ञान मागाहून देत. म्हणून गुरुजी आरे कॉलनीत गाई मागायला गेले. तबेलेवाल्याने त्यांना आधी पाणी दिलं, मग घरच्यांचा नंबर विचारला. शेवटी गाईंच्या जागी नारळ आले. प्रत्येक जोडप्याला एक, वर गुरुजींनी लावलेली काजळाची तीट. आठवडाभर पोटचं मूल समजून सांभाळायचा, एकटा टाकायचा नाही.

सर्वेशने तो ऑफिसात नेला, मीटिंगमध्ये मांडीवर घेतला. साहेबांनी हे काय म्हणून विचारलं.

"झोपलाय," सर्वेश म्हणाला.

साहेबांनी पुढची मीटिंग कुजबुजत घेतली.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी सकाळी सर्वेश आंघोळीला निघाला. घरातली सगळ्यात सुरक्षित जागा म्हणून त्याने नारळ देव्हाऱ्यापुढे ठेवला. कोकणी घरात देवापुढच्या नारळाचं काय होतं, हे त्याला अंगाला साबण लावताना आठवलं. तोवर आवाज आला होता.

"आई, काय केलंस?"

"देवाक गाराणा घातलंय," मालनताई म्हणाल्या. "तुझो वर्ग पास होवंदे म्हणान. बघ, सरळ फुटलो. काम झाला."

"वाट लागली. तुझा नातू होता तो."

मालनताईंनी दोन्ही वाट्या निरखल्या. "बापाशीवर गेललो. डोक्यात नुसता पाणी."

सर्वेशने जान्हवीला फोन लावला. "दुसरा आणतो, तीट लावतो. तुझ्या बाबांना काय कळतंय?"

"म्हणजे पोर बदलून आणणार तू? उद्या आपलं बागेत हरवलं, तर दिसेल ते उचलून आणशील ना?"

"नारळ आहे गं तो."

"आठवडाभर सोन्या म्हणत होतास त्याला."

तो दोन्ही वाट्या डब्यात घेऊन हॉलवर गेला. बाकीच्यांचे नारळ टोपडी घालून ओळीने बसले होते.

"मूल कुठे?" गुरुजींनी विचारलं.

सर्वेशने डबा उघडला. "आईने देवाला फोडला. पण एकटा मी ठेवला, गुरुजी. चूक माझी."

गुरुजींनी एका वाटीवरच्या तिटेवर बोट फिरवलं. बोट काळं झालं. मग ते ओळीतल्या टोपड्यांकडे वळले. प्रत्येक टोपडं वर करून तिटेवर बोट घासलं. बोट कुठेच काळं होईना. सगळीकडे मार्कर.

"मी दिलेले कुठे गेले?"

पहिल्या टोपड्यामागे बसलेल्या रेवतीने मान खाली घातली. "सासूबाईंनी आमच्याची सोलकढी केली, गुरुजी."

मागच्या प्रीतमकडेही तेच झालं होतं. त्याच्या मागेही.

गुरुजींनी खोबऱ्याचा तुकडा मोडून तोंडात टाकला, बराच वेळ चावला. "सर्वेश पास. मुहूर्त बघू. पण बारशाच्या दिवशी मालनताईंच्या हाताशी मी कोयता ठेवू देणार नाही."

"बाबा," जान्हवी म्हणाली, "आधी लग्न तर लावा."