पाहुणीच्या हाती फावडं

धामणखेडीत कोणाची वाटी रिकामी परत जात नाही. शेजारी भाजी पाठवली, तर वाटी परत येताना त्यात बोरं असतात, चिवडा असतो, काहीच नसेल तर चिमूटभर साखर तरी असते. देण्याघेण्यात समोरचा वरचढ झालेला या गावाला खपत नाही. दोन हजार तीनच्या जानेवारीत चार गोरी पोरं समुद्रपूरच्या एसटीतून आमच्या फाट्यावर उतरली, तेव्हा त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं.

पोरं डेन्मार्कच्या एका कॉलेजची. जगात काहींच्या ताटात फार आणि काहींच्या ताटात काहीच नाही, हे पुस्तकात वाचून भागत नाही, जाऊन हातांनी काहीतरी करा, असा त्यांचा अभ्यासक्रम. आमच्या वाट्याला त्यातून कपडे धुवायचा ओटा आला. खालच्या मोहल्ल्यातल्या विहिरीपाशी बाया चिखलात बसून कपडे आपटत. धुतलेलं लुगडं उचलेपर्यंत पुन्हा मातीचं होई. ग्रामपंचायतीच्या दर निवडणुकीत हा ओटा भाषणापुरता बांधून व्हायचा. आता सिमेंट कॉलेजचं, मेहनत पोरांची आणि गावाची, असं ठरलं. बोलणं इकडचं तिकडे करायला पिपरी मेघे गावची, इंग्रजी येणारी समीक्षा सोबत होती.

पहिल्या सकाळी हाना नावाच्या उंच पोरीनं फावडं उचललं. माजी सरपंच महादेवराव धावतच आले आणि त्यांनी ते तिच्या हातून काढून घेतलं.

"पाहुणीच्या हाती फावडं? लोक काय म्हणतीन? गोपाल, खुर्ची आण बे!"

खुर्च्या आल्या, चहा आला, मागोमाग कोथिंबिरीची सांबारवडी आली. महादेवरावांनी तिथेच खड्या आवाजात नियम केला, "घरामागं एक माणूस कामाले येईन. ज्याच्या घरचा माणूस नाई, त्याच्या बाईले ओट्यावर जागा नाई!" ज्या गड्यांनी आजवर दारातला दगड बाजूला केला नव्हता, ते परक्यांसमोर घाम गाळायला लागले. संध्याकाळपर्यंत पाया खणून तयार. पोरं निंबाखाली खाऊन खाऊन जड झाली होती.

दुसऱ्या दिवशी हाना उजाडताच विहिरीवर गेली. गाव तिच्याही आधी आलं होतं. त्यानंतर रोज हीच शर्यत, आणि रोज हाना खुर्चीत.

हाना लीलाबाईकडे उतरली होती. लीलाबाईचा नवरा हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, तेव्हा घरामागचा माणूस म्हणून ती स्वतःच घमेलं वाहत होती. गुरुवारी घरी आली, तर हाना ओसरीवर तोंड फिरवून बसलेली.

"काय झालं वं हिले? वडी बाधली का?"

"नाही काकू," समीक्षा म्हणाली. "इथं येता यावं म्हणून हिनं वर्षभर हॉटेलात भांडी घासली. शनिवारी यांच्या मॅडम येणार. त्या एकच विचारतात, तुझ्या हातांनी काय केलं? ही काय सांगणार? चहा प्यायले?"

लीलाबाईनं हानाचे तळवे उलटून पाहिले. लोण्यासारखे. तिला ते पाहून वाईटही वाटलं आणि राग पण आला. ती तडक विहिरीवर गेली.

"भाऊजी, पोरीले काम करू द्या."

"पाहुणी हाय ते," महादेवराव म्हणाले.

"मंग मी तिले लेक मानलं."

"माहेरी आलेल्या लेकीले काम लावते काय कोणी? तुह्या माहेरी लावलतं तुले?"

"मंग सून करा न!" विहिरीवरून अनुसयाबाई ओरडली. "सुनेले कोणी बसू देत नाई!"

सगळ्यांच्या नजरा गोपालकडे गेल्या. महादेवरावांच्या या लग्नाळू पोराच्या हातून घमेलं सुटलं आणि त्याच्याच पायावर पडलं. हशा पिकला. लीलाबाई मात्र हसली नाही. ती महादेवरावांचा नियम मनात घोळवत घरी गेली.

शुक्रवारी सकाळी हाना आली ती लीलाबाईचं जुनं लुगडं कमरेला बांधून, लीलाबाईचंच पोचे पडलेलं घमेलं घेऊन. मागून लीलाबाई आली आणि सरळ निंबाखालच्या खुर्चीत बसली.

"माह्या घरचा माणूस आला, भाऊजी. लावा कामाले."

"अवं, पण पाहुणी..."

"माह्या घरात सध्या दोन माणसं. मी न ही. मी आज बसली. हिले घेतलं नाई, त माह्या घरचं कोणीच नाई. मंग मले ओट्यावर जागा नाई. नियम कोणाचा, भाऊजी?"

महादेवरावांनी आजूबाजूला पाहिलं. नियम ऐकलेलं अख्खं गाव तिथेच उभं होतं.

"बारीक फावडं दे रे तिले," ते गोपालला म्हणाले.

"बारीक काऊन? मोठंच दे," लीलाबाई खुर्चीतून म्हणाली. "आणि समीक्षा, माह्या चहाचं पाह्य बापा."

किराणा दुकानदार ताराचंद हे सगळं निरखत होता. आठवडाभर कण्हत कुथत रेती वाहणाऱ्या या माणसाला फायदा लवकर दिसतो. त्याच्याकडे पीटर नावाचा दांडगा पोरगा उतरला होता. त्यानं पीटरला पुढे ढकललं, "हा माह्या घरचा!" आणि दुसरी खुर्ची धरली. पाहता पाहता चारही खुर्च्या भरल्या आणि चारही पोरं रेतीत उतरली. खर्चाच्या भीतीनं, गावातलं सगळ्यात मोठं घर असून "आमच्याइथं जागा लहान पडते" म्हणणाऱ्या महादेवरावांकडे मात्र पाहुणा नव्हता. ते आणि गोपाल फावडं मारत राहिले.

शनिवारी दुपारी मॅडम आल्या. ओटा फरशीपर्यंत आला होता. तानबा मिस्त्री दगड बसवत होता आणि हाना कोपऱ्यातला एक दगड स्वतः ठोकत होती. मॅडमनी बाह्या सावरल्या, फावडं उचललं. महादेवराव सवयीनं धावले, पण त्यांच्या आधी हाना पोचली. तिनं फावडं काढून घेतलं, फोड आलेल्या हातांनीच खुर्ची ओढली आणि आठवड्याभरात कमावलेली सगळी मराठी खर्च केली.

"पाहुणी! फावडं नाई! बसजो!"

मॅडमनी तिचे तळवे पाहिले आणि काही न विचारता बसल्या. लीलाबाईनं वड्यांची ताटली त्यांच्यापुढे सरकवली.

हानाचा तो दगड तिरपा बसला. पाणी नाल्याकडे जायचं सोडून बाईच्या पायाशी येतं. तानबा तो सरळ करायला निघाला, तर लीलाबाईनं त्याला हात लावू दिला नाही. कपडे धुवायची ती जागा आता लीलाबाईचीच.

"पाय भिजून राह्यले न वं," अनुसयाबाई अजूनही म्हणते.

"भिजू दे," लीलाबाई कपडा आपटत म्हणते. "माह्या घरच्या माणसानं बसवला."