दुसऱ्या ब्रेकच्या आत

वीस वर्षं टीव्हीवर मुलाखती घेणाऱ्या माणसाचा घरात काडीचा उपयोग नाही, असं मुलाखतकारांच्या बायकोचं मत होतं. ते तिला कुणी विचारलं नव्हतं. प्रश्न विचारायचं खातं त्या घरात एकाच माणसाकडे होतं.

त्यांच्या कार्यक्रमाचा नियम साधा. पाहुणा दुसऱ्या ब्रेकच्या आत रडला पाहिजे. नट रडले, मंत्री रडले, एक कुस्तीगीर तर उशी कवटाळून रडला. उत्तरं ऐकायची गरजच नसे. पुढचा प्रश्न प्रोड्युसरबाई कानात सांगत.

घरी कानात कुणी नव्हतं, तरी नियम चालूच. लेकीने लग्नाचं बोलायला आणलेले दोघे याच सोफ्यावरून डोळे पुसत उठले, ते पुन्हा फिरकले नाहीत. तिसऱ्याला आत बसवून ती बापाला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"बाबा, हा मला हवाय. याला रडवलंत तर याच्यामागोमाग मीही जाणार."

"मी कुठे रडवतो गं? माणसं मोकळी होतात."

तिसरा दातांचा डॉक्टर होता. मुलाखतकार पुढे झुकले, आवाज मखमली झाला. "तुमचे वडील गेले, त्या दिवशी..." बोलता बोलता त्यांनी गार सरबताचा घोट घेतला आणि गाल धरून कळवळले.

"डावीकडची दाढ ना?" डॉक्टर उठलाच. "आ करा."

एका हातात मोबाइलचा टॉर्च, दुसऱ्यात चमचा. मुलाखतकारांचं तोंड सताड उघडं आणि बोलत होता भलताच कुणी.

"वडील ठणठणीत आहेत, आत्ता पत्ते कुटत असतील. अजून मोठा करा. मी रडतो, पण सिनेमात. हिच्याशी भांडताना ही मधेच हसते, मग मला भांडण आठवत नाही. आई तुमचा एकही भाग चुकवत नाही. फक्त आवाज बंद ठेवते."

चमचा बाहेर आला. लेक सोफ्याच्या कडेला सरकली.

"आवाज बंद? का बरं?"

पाहुण्याच्या उत्तरातून निघालेला त्यांच्या कारकिर्दीतला हा पहिला प्रश्न. बायको दारात थबकली.

"तिला तुमचा निळा कोट आवडतो," डॉक्टर म्हणाला. "प्रश्न सोसत नाहीत."

मुलाखतकारांनी दाढेवरून जीभ फिरवली. लेकीकडे पाहिलं, ती उठायच्या बेतात होती.

"बस गं," ते म्हणाले. मग डॉक्टरला, "रविवारी घेऊन या आईंना. निळा इस्त्रीला टाकतो."